छत्री सोडण्याआधी

माझ्या एका डॉक्टर मित्राच्या टेबलाच्या खणात, पेनांची टोपणं आणि औषध कंपन्यांच्या डायऱ्या यांच्याखाली, एक डमरू पडलेला असतो. तारेच्या बारीक जाळीचा आणि चपटा. दोन बाजूंना दोन गोल चकत्या, मध्ये आखूड कंबर, आत पांढऱ्या कापडाचे तुकडे शिवलेले. एका चकतीच्या मध्यावर इवलेसे आटे आहेत आणि त्यांत एक लांब लवचीक तार पिळून बसवली आहे. पहिल्यांदा त्यानं तो माझ्या हातात दिला तेव्हा सोबत स्ट्रॉपेक्षा बारीक अशी एक प्लॅस्टिकची नळी दिली आणि म्हणाला, ओढ.

मी तार ओढली. चकती लांबुळकी झाली, नळीच्या तोंडाशी आली आणि गोगलगाय शंखात शिरावी तशी आत गेली. मागोमाग कंबर गेली, मग दुसरी चकतीही. नळीतून तार पुढे ढकलली तर सगळं उलट्या क्रमानं बाहेर आलं. आधी एक चकती फुलली, मग कंबर, मग दुसरी. पुन्हा ओढलं, पुन्हा गुडूप. लहान मुलाच्या हाती खेळणं यावं तसं मी दहा-बारा वेळा हेच करत बसलो. त्यातली खरी करामत उघडण्यात आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मागच्या वर्षी हा डमरू आमच्या घरात शिरला. माझ्या चुलत बहिणीची मुलगी, वय बावीस, कराडजवळच्या गावी राहून पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून मैदानावर आठशे मीटर धावायची. तिच्याबरोबरच्या मुलींचे सेकंद कमी होत गेले, हिचे होईनात. सगळ्यांनी खुराक वाढवायला सांगितलं. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, जरा जास्तच वेळ लावून ठेवला आणि इको करायला पाठवलं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक निघालं, अठरा मिलिमीटरचं. एएसडी.

घरात एकच शब्द फिरू लागला, ‘काळजाला भोक’. माझ्या काकूंना वाटलं, रक्त छातीत गळतंय. तसं नसतं. भोक बाहेरच्या भिंतीला नसून आतल्या पडद्याला असतं, आणि गळती एका खोलीतून शेजारच्या खोलीत होते. दाजी, म्हणजे मुलीचे वडील, शेतकरी आहेत. त्यांना मी म्हटलं, पाटाला खिंडार पडलंय आणि पाणी शेतात जायच्या ऐवजी परत विहिरीत पडतंय असं समजा. मोटर दिवसभर चालते, वीजबिल येतं, वाफे मात्र अर्धे कोरडे. डाव्या बाजूचा दाब उजवीपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त पुन्हा उजवीकडे जातं आणि पुन्हा फुप्फुसाची वारी करतं. भोक मोठं असेल तर फुप्फुसाकडे जाणारं रक्त नेहमीच्या दीडपट-दुप्पटही होतं. उजवी बाजू वर्षानुवर्षं हा बोजा ओढते आणि फुगत जाते, पण तक्रार करत नाही. हा दोष तसा लबाडच. पोर निळं पडत नाही, खेळतं-बागडतं, शाळेतल्या तपासणीत निसटून जातं आणि विशीत-तिशीत, पुष्कळदा बाळंतपणाच्या वेळी, कुणाच्या तरी कानाला लागतं. बायकांत तो पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो.

खरं तर या पडद्यात जन्माआधी आपल्या सगळ्यांनाच दार असतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं बंद असतात, आईकडून आलेलं रक्त त्यांना वळसा घालून थेट डावीकडे न्यायचं असतं. पहिल्या श्वासाबरोबर डावीकडचा दाब वाढतो, दाराची झापड मिटते आणि पुढे चिकटून जाते. ती सगळ्यांची चिकटतेच असं नाही. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ९६५ हृदयांची शवविच्छेदनात तपासणी केली (१९८४), तेव्हा जवळपास २७ टक्क्यांत हे दार नुसतं लोटलेलं निघालं. एएसडी म्हणजे मात्र लोटलेलं दार नाही. तिथं झापडच अपुरी वाढलेली असते.

भोक बुजवायचं तर हृदय उघडायला हवं, आणि उघडायचं तर त्यातलं रक्त थांबवायला हवं. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात, मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात, जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचं शरीर सुमारे २८ अंशांपर्यंत गार केलं, हृदयाकडे येणारं रक्त रोखलं आणि साडेपाच मिनिटांत टाके घालून भोक बंद केलं. पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ ला, फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या मुलीचं असंच भोक शिवलं. या वेळी सव्वीस मिनिटं हृदय आणि फुप्फुसांचं काम यंत्रानं केलं. आज ही शस्त्रक्रिया अतिशय सुरक्षित आहे. पण बहुतेकदा छातीचं हाड मधोमध कापावं लागतं आणि व्रण राहतो. आमच्याकडे पहिली चर्चा त्या व्रणावरच झाली. पोरीचं हृदय मोठं होत चाललंय आणि मोठ्या काकू विचारतायत, स्थळ आलं तर काय सांगायचं? मला राग आला होता, पण राग येऊन उपयोग नव्हता.

व्रणाशिवाय भोक बुजवण्याची कल्पना पहिल्यांदा माणसावर अमलात आली ती न्यू ऑर्लिन्समध्ये. टेरी किंग हे हृदयरोगतज्ज्ञ, नोएल मिल्स हे शल्यचिकित्सक. दोघांनी स्टीलच्या काड्या आणि डेक्रॉनचं कापड घेऊन चक्क छत्र्या बनवल्या, एक डाव्या कप्प्यासाठी, एक उजव्या. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, पडद्याच्या दोन्ही अंगांना छत्र्या उघडायच्या आणि एकमेकींत अडकवायच्या. ८ एप्रिल १९७५ ला सतरा वर्षांच्या एका मुलीवर हे जमलं. अडचण नळीची होती, २३ फ्रेंच जाडीची. वैद्यकात नळ्या फ्रेंच मापात मोजतात आणि तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे ही नळी पावणेआठ मिलिमीटर जाड झाली. लहान मुलाच्या शिरेत ती जाणार कशी? पाच रुग्णांपाशी ते काम थांबलं. आपल्याकडे आजही रुग्ण आणि नर्सेस या वस्तूला छत्रीच म्हणतात. मूळ वस्तू कुणी पाहिलेली नाही, नाव मात्र टिकून आहे.

नंतर आलेले विल्यम रॅशकिंड हे मला या सगळ्या गोष्टीतलं फार गमतीचं पात्र वाटतं. फिलाडेल्फियाच्या या बालहृदयरोगतज्ज्ञाचं नाव झालं ते पडद्याला भोक पाडण्यासाठी. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते आणि शुद्ध-अशुद्ध रक्त कुठंतरी मिसळलं नाही तर बाळ जगत नाही. १९६६ मध्ये रॅशकिंड यांनी फुगा लावलेली नळी पडद्यापलीकडे नेली, फुगा फुगवला आणि हिसका देऊन मागे ओढला. टाका न घालता, छाती न उघडता पडदा फाटला आणि बाळ गुलाबी झालं. पुढे याच माणसानं पडद्यावरची भोकं बुजवायला एकाच पंख्याची छत्री बनवली. ती पडद्याला धरून राहावी म्हणून तिच्या काड्यांना माशाच्या गळासारखे आकडे लावले होते. गळाचा गुण असा की तो लागला की लागला. चुकीच्या जागी रुतला तर सोडवून घेणं नाही. छोट्याशा आकड्यानं एक मोठा धडा दिला. हृदय हलतं, इकोचं चित्र फसवतं, डॉक्टरचा हात चुकतो, तेव्हा घट्ट धरणारी वस्तू काय कामाची? हवी ती चुकीची कबुली देता येईल अशी.

बोस्टनच्या जेम्स लॉक यांनी आकडे काढले आणि शिंपल्यासारखं मिटणारं डिव्हाइस आणलं, क्लॅमशेल. काड्यांना मध्ये कोपर होतं, ते मुडपून पडद्यावर टेकायचं. बसवायला सोपं आणि दिसायला देखणं. पण एक्स-रेमध्ये काड्या मोडलेल्या दिसू लागल्या आणि १९९१ च्या सुमाराला ते मागे घ्यावं लागलं. स्टीलची तार बोटांत धरून मागे-पुढे वाकवली की तुटते, हे सायकलच्या दुकानातलं पोरगंही जाणतं. इथं वाकवणारं हृदय होतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटींच्या पुढे जातात. स्टेंटसारख्या वस्तूंची प्रयोगशाळेत चाचणी घेतात ती साधारण ४० कोटी आवर्तनांची, म्हणजे दहा वर्षांच्या ठोक्यांची. चार वर्षांच्या मुलाच्या पडद्यावर बसवलेल्या वस्तूला सत्तर वर्षं काढायची असतात.

मोडणार नाही असा धातू तोवर जन्माला आलेला होता, पण नौदलाच्या घरी. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्यूलर निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूवर काम करत होते. निकेल, टायटॅनियम आणि लॅबोरेटरीची आद्याक्षरं जोडून नाव पडलं नायटिनॉल. १९६१ मध्ये एका बैठकीत या धातूची पट्टी हार्मोनियमच्या भात्यासारखी घड्या घालून फिरवली जात होती. कितीही वाकवा, तुटत नाही, एवढंच दाखवायचं होतं. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्यानं गंमत म्हणून पाइप पेटवायचा लायटर तिच्याखाली धरला. पट्टी आपोआप सरळ झाली. धातूला आकाराची आठवण होती. साच्यात धरून सुमारे ५०० अंशांना तापवताना जो आकार दिला तो त्याचा कायमचा. योग्य प्रमाणात बनवला तर लायटरही लागत नाही. शरीराच्या उबेत त्याला पिळा, ताणा, नळीत कोंबा, सुटल्याबरोबर तो मूळ पदावर येतो.

तो हृदयाच्या पडद्यापर्यंत आला, त्यात मोठा वाटा कुर्ट अम्प्लाट्झ यांचा. जन्मानं ऑस्ट्रियन, नोकरी मिनेसोटा विद्यापीठात, म्हणजे लुइस यांनी जिथं गारव्याच्या भरवशावर ते भोक शिवलं तिथंच. ते हृदयरोगतज्ज्ञ नव्हतेच. होते रेडिऑलॉजिस्ट, हातानं वस्तू करणारे. त्यांनी काड्याच टाकून दिल्या. नायटिनॉलच्या केसाएवढ्या तारांची, एक दशांश ते दोन दशांश मिलिमीटर जाडीच्या, नळी विणली. परकराची नाडी यंत्रावर विणतात साधारण तशी. ती साच्यात दाबून तापवली आणि डमरू तयार झाला. आधीच्या छत्र्या भोकावर दोन्ही बाजूंनी झाकण ठेवायच्या, मधे त्या मोकळ्या असत, म्हणून भोकाच्या दुपटीएवढ्या कराव्या लागत आणि तरी सरकत. अम्प्लाट्झ यांच्या डमरूची कंबरच भोकात बसते. त्यामुळे वस्तू आपोआप मध्यावर येते आणि चकत्यांना फक्त कडा धरायच्या उरतात. डावीकडचा दाब जास्त, म्हणून डावी चकती मोठी. वीस मिलिमीटर कंबरेच्या डमरूची डावी चकती ३४, उजवी ३० मिलिमीटर. आतलं पॉलिएस्टरचं कापड रक्त अडवतं, त्यावर गुठळी धरते आणि तीन ते सहा महिन्यांत शरीर स्वतःचं अस्तर चढवतं. म्हणजे भोक खरं बुजवतो तो रुग्णच.

आणि तार. ती आट्यांनी जोडलेली. दोन्ही चकत्या उघडल्या, इकोत बघितलं, पसंत पडलं नाही, तर ओढा आणि नळीत परत घ्या. माझ्या मित्रानं मला ‘ओढ’ म्हटलं होतं, ‘ढकल’ म्हटलं नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. किंग-मिल्सच्या छत्रीपासून इथवर यायला वीस वर्षं लागली. १९९५ मध्ये स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा इथं हा डमरू पहिल्यांदा माणसांत बसवला गेला, अमेरिकेत त्याला डिसेंबर २००१ मध्ये परवानगी मिळाली. निसटून भलतीकडे गेलेली वस्तू पकडायला कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालण्याच्या खोलीत, जो फास वापरतात, हंसाच्या मानेसारखा, तोही अम्प्लाट्झ यांच्याच नावाचा आहे. स्वतःच्या शोधावर एवढा विश्वास आणि एवढा अविश्वास एकाच माणसाजवळ असावा, हे मला आवडतं.

भोक फार मोठं असेल तर मात्र डमरूही दगा देतो. डावी चकती पडद्याकडे ओढताना तिरकी होते आणि तिची कड भोकातून उजवीकडे निसटते. मुंबईचे डॉ. भरत दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर २००५ साली एक उपाय प्रसिद्ध केला. फुगवलेल्या फुग्याचा चकतीला टेकू द्यायचा, डमरू जागेवर बसला की फुगा हळूहळू रिकामा करायचा. घाटात गाडी थांबवली की चाकाखाली दगड लावतो, तितकी साधी युक्ती. डिझाइन नुसतं कारखान्यात होत नाही. वस्तू रोज हाताळणारे हातही ते पुढे नेतात.

सुरक्षित ठरलेल्या वस्तूतूनही पुढे नवं दुखणं निघालं. काही रुग्णांत डमरूची कड वरच्या कप्प्याचं छत आणि शेजारची महारोहिणी यांवर घासून त्यांना भोक पाडते, असं दिसलं. २००४ मध्ये अशा २८ घटनांचा अभ्यास झाला. प्रमाण हजारात एकाच्या आसपास, पण परिणाम जिवावर बेतणारा. बऱ्याच जणांत महारोहिणीच्या बाजूची कडा अपुरी होती आणि डमरू गरजेपेक्षा मोठा. तोवर फुगा दाबून भोक ताणायचं आणि ताणलेलं माप घ्यायचं अशी पद्धत होती, घट्ट बसलेलं बरं म्हणून. आता फुगा हलकेच फुगवतात आणि इकोत गळती थांबली की तिथंच थांबतात. 

खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक, म्हणजे व्हीएसडी, हे आणखी अवघड. त्या पडद्याच्या एका नेमक्या जागी हृदयाची वीजवाहिनी भोकाला जवळजवळ खेटून जाते. मिनियापोलिसमध्येच वॉल्टन लिलेहाय यांनी मार्च १९५४ पासून ही भोकं शिवायला घेतली. सुरुवातीला यंत्राऐवजी मुलाच्या आईचं नाहीतर वडिलांचं रक्ताभिसरण त्याला जोडून. काही मुलांत टाका त्या वाहिनीला लागायचा आणि हृदयाचे ठोके मंदावायचे. त्यांना भिंतीतल्या प्लगवर चालणारा पेसमेकर लावत. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली. लिलेहाय यांनी विद्यापीठाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना बॅटरीवर चालणारं काहीतरी करायला सांगितलं. बॅकन यांनी एका मासिकातली मेट्रोनोमची जोडणी डोळ्यांपुढे ठेवून काही आठवड्यांत ते केलं. पाकिटाएवढा पेसमेकर आला तो असा, भोक बुजवण्याच्या चुकीतून. जवळपास अर्ध्या शतकानं व्हीएसडीसाठी डमरूसारखी डिव्हाइसं आली तेव्हा तीच वाहिनी पुन्हा दुखावली. काहींचे ठोके तर डिव्हाइस बसवल्यानंतर महिन्यांनी मंदावले, कारण नायटिनॉल आपला आकार आठवत सतत बाहेर रेटत राहतो. जो गुण वरच्या पडद्यावर वरदान, तोच खाली शाप. म्हणून आता तिथं मऊ, कमी रेटणारी जाळी पसंत करतात.

सगळ्यात मऊ जाळी म्हणजे काम झाल्यावर विरघळून जाणारी. अस्तर चढल्यावर धातूची गरजच काय? शिवाय पुढे कधी हृदयाच्या डाव्या बाजूचा उपचार करायचा झाला तर डॉक्टर वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यातूनच पलीकडे जातात आणि तिथं जाळी बसलेली असली की वाट अवघड होते. चीनमध्ये २०२२ साली व्हीएसडीसाठी पूर्ण विरघळणाऱ्या डिव्हाइसला परवानगी मिळाली आहे.

आपल्याकडची बहुतेक डिव्हाइसं बाहेरून येत आली आहेत. तिरुवनंतपुरमच्या ज्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी हृदयझडप घडली, तिथल्या मंडळींनी बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचा नायटिनॉल घेऊन एएसडीचं डिव्हाइस विकसित केलं. विमानांच्या प्रयोगशाळेतला धातू हृदयात, हा प्रवास नौदलापासून चालत आलेल्या परंपरेला धरूनच झाला. ते तंत्रज्ञान २०२० मध्ये उत्पादनासाठी दिलं गेलं पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीला. शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तोही आपल्या पालघरमधून. भोक शोधण्याची मोहीम आणि ते बुजवण्याची वस्तू, दोन्हींच्या पत्त्यात महाराष्ट्र आहे. दोन्ही एकाच मुलापर्यंत वेळेवर पोचतात का, एवढंच बघायचं.

भाचीच्या वेळी मित्रानं मला कॅथलॅबच्या काचेमागे बसू दिलं. त्याआधी दाजींनी एकच प्रश्न विचारला होता. “दादा, मनासारखं नाही बसलं तर काढता येतं का?” किंमत नाही, कंपनी नाही, धोका किती टक्के तेही नाही. विहिरीत मोटर सोडणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न दोराचाच पडतो.

ती भुलीखाली होती. पडद्यावर काळ्या-करड्या रंगांत फुगा फुगला, गळतीचा रंगीत झोत बारीक होत विझला, कुणीतरी म्हणालं, वीस. पाकीट फुटलं. डमरू मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवून हवेचे बुडबुडे झटकत नळीत ओढला गेला. काही मिनिटांनी डावी चकती फुलली. ओढताना ती तिरकी झाली. मित्र काही बोलला नाही, त्यानं ती परत नळीत घेतली, मनगट थोडं फिरवलं आणि पुन्हा उघडली. या वेळी ती सपाट टेकली. उजवीही उघडली. इकोवाल्या डॉक्टर बाईंनी झडप, शिरा, महारोहिणीची बाजू असं एकेक निवांत तपासलं. मग मित्रानं तार पुढे ढकलली आणि मागे ओढली, पुन्हा ढकलली, पुन्हा ओढली. याला मिनेसोटा विगल म्हणतात. डमरूबरोबर सगळा पडदा हलला, डमरू पडद्यावरून हलला नाही.

नंतर त्यानं तारेच्या टोकाचा चिमटा डावीकडे फिरवायला घेतला. एक, दोन, तीन, मोजत होतो, पुढे चुकलो. तार सुटली तसा डमरू किंचित कलला. मी दचकलो. शेजारच्या तंत्रज्ञानं मान न वळवता सांगितलं की ते तसंच असतं, तार ओढून धरत होती तोवर तो वाकडा होता, आता पडद्याच्या कलानं बसला.

मोकळी तार बाहेर आली. तिच्या टोकाला आटे होते, त्यांना थोडं रक्त लागलं होतं. मदतनिसानं ती गुंडाळून लाल पिशवीत टाकली आणि मित्र हातमोजे काढत बाहेर दाजींकडे गेला.